मुलाने माझ्या फोनवरून गेममध्ये ३,४६० रुपये घालवले. पॉकेटमनी सुरू करावा की नको?

कर्वेनगरची_आई

नमस्कार, जरा मोठं लिहितेय, पण शांतपणे वाचून कुणीतरी सांगा कारण घरात गेले आठ दिवस याच विषयावर धुसफूस चालू आहे.

मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. मागच्या रविवारी सहज बँकेचं स्टेटमेंट बघत होते तर एकाच नावाने बारीक बारीक रकमा गेलेल्या. ८०, १६०, परत ८०, २४०, एकदा तर ५८०. सव्वादोन महिन्यांत २१ वेळा. बेरीज केली तर ३,४६०. आधी मला वाटलं फ्रॉड झाला, मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावायला घेतला आणि तेवढ्यात हा आतल्या खोलीत जाऊन रडायला लागला. मोबाईलवरच्या गेममध्ये कसलेतरी डायमंड घेतलेले, त्यातून त्या खेळातल्या माणसाला कपडे आणि बंदुकीला रंग.

पिन त्याला कुठून कळला म्हणाल तर मीच सांगितलेला. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध, ब्रेड, कोथिंबीर आणायला मी फोन देऊनच पाठवायचे, सुट्ट्याची कटकट नको म्हणून. म्हणजे चोरी म्हणावी तर चोरीच आहे पण दार मीच उघडं ठेवलं होतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते त्याचं एक वाक्य. "आई, मला वाटलं नाही की एवढे झाले असतील." आणि ते खोटं नव्हतं, मी त्याला ओळखते. त्याला खरंच कळलं नव्हतं.

आता प्रश्न असा की मिस्टर म्हणतात फोन बंद, पैसे बंद, आणि पॉकेटमनी वगैरे लाड अजिबात नकोत, हातात पैसा आला की मुलं बिघडतात. मला वाटतं त्याने आजवर पैसा कधी हातात धरलाच नाही म्हणून हे झालं. आमच्याकडे दोघांचे पगार आहेत, घराचा हप्ता आहे, फार काही उधळण करण्यासारखी परिस्थिती नाही आणि कमतरता पण नाही. तुमच्या घरी काय करता? किती देता, कधीपासून, आणि झालेले पैसे त्याच्याकडून वसूल करावेत का?

---

धायरीकर_बाबा

ताई, आधी त्याला ओरडणं झालं असेल तर आता थांबवा. रडला म्हणजे त्याला कळलंय.

पहिलं काम आज रात्रीच करा. पिन बदला. स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायचं चालू करा. पेमेंट ॲपमध्ये ऑटोपे म्हणून एक ठिकाण असतं तिथे कुठल्या गेमला दरमहा परवानगी दिली गेलीय का ते बघून बंद करा. आणि स्टोअरमध्ये रिफंडचा अर्ज करता येतो, मुलाने न विचारता केलं असं स्पष्ट लिहून करा, मिळेलच असं नाही पण करून बघा.

आता पैशाचं. तुम्ही बरोबर पकडलंय, त्याने पैसा हातात धरलेला नाही. आपल्या लहानपणी आईने पाच रुपये मुठीत दिले की दुकानापर्यंत ती मूठ घट्ट असायची आणि परत येताना उरलेले आठ आणे मोजून द्यावे लागायचे. आताच्या पोरांनी फक्त फोनचा 'टिंग' ऐकलाय. टिंग झालं की वस्तू मिळते. त्यात काही कमी होताना दिसतच नाही.

माझी मुलगी ९ आणि मुलगा १२. दोघांनाही आठवड्याला रोख देतो, शनिवारी सकाळी, तिला ५० त्याला १००. महिन्याला एकदम देऊन बघितले होते, पहिल्या चार दिवसांत संपायचे आणि मग २६ दिवस भुणभुण, या वयाला महिना फार लांबचा असतो. पण एक गोष्ट पक्की ठरवलेली की संपले तर संपले. पुढच्या शनिवारपर्यंत एक रुपया मिळणार नाही. सगळ्यात अवघड हेच आहे आणि ते मुलांना नाही, आपल्याला अवघड जातं.

पण मला खरा फरक दिसला तो दिवाळीच्या किल्ल्यात. दरवर्षी मी चित्रं आणायचो, मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज, वाघ, एक गाय, जे जे बोट दाखवतील ते. दोन वर्षांपूर्वी म्हंटलं यंदा किल्ल्याचे ६०० रुपये, हे घ्या, सगळं तुम्ही बघायचं, माती, पोती, अळीव, चित्रं, सगळं यात. दोघं माझ्याबरोबर कसबा पेठेत कुंभारवाड्यात आले. पहिल्याच दुकानात मुलाने मोठे महाराज उचलले आणि मुलगी म्हणाली, थांब, मग मावळे कशात घ्यायचे? मी बाजूला उभा, तोंड उघडायचं नाही असं ठरवलेलं. तीन दुकानं फिरले. एका मावशींना मुलीने विचारलं की ज्यांचा रंग उडालाय ते मावळे कमी करून देता का, आणि त्यांनी दिले, निम्म्यात सात. घरी येऊन पोरांनी स्वतः रंगवले. अळीव तर घरातलेच वापरले, आजीच्या डब्यातले, विचारून. शेवटी ७० रुपये उरले आणि ते काय करायचे यावर दोघं रात्री साडेनऊपर्यंत भांडत होते. मी ६०० रुपयात इतकं काही त्यांना दुसऱ्या कशातून शिकवू शकलो नसतो.

वसुलीबद्दल माझं मत असं की पूर्ण नको. ३,४६० हा त्याच्यासाठी डोंगर आहे, डोंगर बघून माणूस चढायचंच सोडतो. हजार रुपये धरा, आठवड्याला २५ कापा, ४० आठवडे. रोज आठवण राहील आणि बाकीचे हातात पण राहतील.

---

सहकारनगर_आजी

मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. आम्ही तीन मुलं वाढवली, एकालाही पॉकेटमनी दिला नाही. लागेल ते मागा, योग्य असेल तर मिळेल. तिघंही व्यवस्थित आहेत, कुणाच्या डोक्यावर फालतू कर्ज नाही. पैसा हातात दिला की मूल आधी वडापाव मग कोल्ड्रिंक मग आणखी काही.

---

कर्वेनगरची_आई

आजी, तुमचं म्हणणं पटतंय पण त्या वेळी मुलांना मागायला तुमच्यासमोर यावं लागायचं ना. माझ्या मुलाने मागितलंच नाही, त्याला मागायची गरजच पडली नाही. आणि आमच्या घरी सासूबाई त्याला दर एकादशीला, वाढदिवसाला, पास झाला म्हणून, ताप उतरला म्हणून शंभर-दोनशे हातात ठेवतात आणि 'आईला सांगू नकोस' म्हणतात. त्या प्रेमाने देतात, मी काही बोलू शकत नाही.

धायरीकर दादा, किल्ल्याचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पिन बदलला.

---

निवृत्त_रोखपाल

मी बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी रोख काउंटरवर. तेव्हा थोडं कामाचं सांगतो.

आमच्या वेळी शाळेत संचयिका असायची. दर आठवड्याला वर्गात टेबल मांडून आम्ही चार आणे, आठ आणे भरायचो, आणि पासबुकात बाईंची लाल सही. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता पण वाढताना दिसायचा, याचं महत्त्व फार. आता तुम्ही तीच गोष्ट घरी करू शकता.

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं उघडून स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने ही मुभा २०१४ लाच दिली होती, २०२५ च्या एप्रिलमध्ये नियम परत नीट मांडले. किती रकमेपर्यंत चालवू द्यायचं, एटीएम कार्ड द्यायचं की नाही हे ज्या त्या बँकेने ठरवायचं, पण या खात्यात शिल्लक नसताना पैसे निघू शकत नाहीत, ते कायम जमेतच राहिलं पाहिजे. १८ पूर्ण झाले की सही नव्याने घेतात.

माझं मत विचाराल तर अकरा वर्षांच्या मुलाला कार्ड नकोच. पोस्टात जा. तिथेही दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने खातं मिळतं, ५०० रुपयांत बचत खातं उघडतं आणि आवर्ती ठेव म्हणजे आरडी महिना १०० रुपयांपासून. आरडी पाच वर्षांची असते. सध्याच्या ६.७ टक्के दराने महिना १०० भरले तर ६० महिन्यांत भरणा ६,००० आणि हातात येतात साधारण ७,१३० च्या वर. मुलाला हे तोंडी सांगू नका, वहीत मांडायला लावा. एक हप्ता चुकला तर शंभरामागे एक रुपया दंड लागतो, तो दंड त्याच्याच पैशातून भरायला लावा, एकदा लागला की पुन्हा चुकत नाही असा माझा अनुभव आहे. आणि पोस्टाच्या बचत खात्यात व्याज कसं मोजतात ते त्याला आवर्जून सांगा. महिन्याच्या १० तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज. म्हणजे ११ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. मुलांना असले नियम फार आवडतात, खेळाच्या नियमासारखे वाटतात.

माझ्या नातवाला मी स्लिप स्वतः भरायला लावली. अक्षरी रक्कम लिहिताना 'पाचशे फक्त' मधलं 'फक्त' का लिहायचं विचारलं त्याने. मी सांगितलं की 'पाचशे' पुढे कुणी आणखी काही लिहू नये म्हणून. तेव्हापासून तो सगळीकडे 'फक्त' लिहितो, किराण्याच्या यादीतसुद्धा.

सासूबाईंच्या पैशाचं पण इथेच उत्तर आहे. त्यांना थांबवू नका. आजीचे पैसे आरडीत असं ठरवा आणि पासबुक आजीच्या हातात द्या. त्यांना वाटेल की आपण दिलेलं कुठेतरी साठतंय. चोरून द्यायची गरजच राहणार नाही.

---

गाळा_नं_सांगत_नाही

मंडईत आमचा भाजीचा गाळा आहे, सासऱ्यांपासून. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, टायपिंग चुकलं तर समजून घ्या.

आमच्याकडे मुलांना पैसा शिकवावा लागत नाही असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. माझी मुलगी सातवीत, गल्ल्यावर बसते, सुटे फटाफट देते, पण ते पैसे आपले नसतात हे तिला कळत नव्हतं. गल्ल्यात संध्याकाळी नोटा दिसल्या की तिला वाटायचं आई बक्कळ कमवते, मग मला ती सायकल का घेत नाही. रोज तोच विषय.

मग मे महिन्याच्या सुट्टीत मी तिला म्हंटलं, एक दिवस कोथिंबीर तुझी. पहाटे चारला उठवून गुलटेकडीला मार्केट यार्डात नेली, झोपेत होती पूर्ण. शंभर जुड्या ८ रुपयाने घेतल्या, ८०० झाले. हमाली आणि टेम्पोतला तिच्या मालाचा वाटा धरून ९०. दिवसभर तिने विकली. सकाळी १५ ला जुडी जात होती, ६२ गेल्या, ९३० आले, पोरगी हवेत. दुपारी ऊन चढलं, पाणी मारायला विसरली, मान टाकली मालाने. संध्याकाळी ५ रुपयाला जुडी केली तेव्हा २० गेल्या, शंभर रुपये. १८ जुड्या तिथेच, गाईला घातल्या. रात्री वहीत मांडलं. आले १,०३०. गेले ८९०. राहिले १४०. पहाटे चार ते रात्री आठ.

ती खूप वेळ त्या १४० कडे बघत बसली. मग मला विचारलं, आई, तुझं रोज असंच असतं? मी म्हंटलं कधी जास्त असतं, कधी ह्यातनं पण जातं. त्या दिवसापासून सायकलचा विषय ती वेगळ्या तऱ्हेने काढते. म्हणते, दिवाळीपर्यंत आपण दोघी मिळून बघूया का. मला रडू आलं होतं तेव्हा.

नोकरीवाल्यांच्या मुलांना आई-बाप कामावर जाताना दिसतात पण काम दिसत नाही. ताई, तुम्ही त्याला एकदा पगाराचा कागद दाखवा. किती आले, हप्त्याला किती गेले, लाईट, सोसायटी, शाळा, आणि राहिले किती. लपवू नका. मुलं बाहेर सांगतील ही भीती असते, पण घरातलं घरात ठेवायचं असं नीट सांगितलं की ठेवतात.

---

धायरीकर_बाबा

मावशी, तुमचं वाचून आज मुलांना वाचून दाखवलं.

एक विचारतो सगळ्यांना, घरातल्या कामाचे पैसे देता का? मी गाडी धुण्याचे २० देतो, रद्दी बांधून विकून आणली तर त्यातले निम्मे त्यांचे.

---

गाळा_नं_सांगत_नाही

रद्दीचं ठीक आहे, ते विकणं झालं. पण घरातल्या कामाला पैसे देऊ नका दादा. उद्या पाणी आण म्हंटलं तर किती देणार विचारेल. घर सगळ्यांचं आहे, जो जेवतो त्याने ताट उचलायचं. मी कोथिंबिरीचा दिवस दिला तो धंदा होता, पण रात्री भांडी तिनेच घासली आणि त्याला काही नाही.

---

धायरीकर_बाबा

ताट, अंथरूण, केर याला मी पण देत नाही. गाडी धुणं हे मी बाहेर पैसे देऊन करून घेतोच, महिन्याला तीनशे घेतात, मग मुलाने केलं तर त्याला का नाही? कष्टाचा पैसा कसा असतो ते कळायला काहीतरी हवं की, सगळ्यांकडे गाळा नसतो. यावर आपलं जुळणार नाही बहुतेक, पण तुमचा मुद्दा डोक्यात ठेवतो.

---

सहावी_ब_च्या_बाई

मी सहावीलाच शिकवते म्हणून ताईंना एक वेगळंच विचारायचं आहे. त्याने ते कपडे आणि रंग कशासाठी घेतले हे तुम्ही त्याला विचारलंत का? ओरडत नाही, शांतपणे, झोपताना वगैरे.

या वयात मुलं स्वतःसाठी फार कमी खर्च करतात. मित्रांसाठी करतात. माझ्या वर्गात गेल्या वर्षी एका मुलाला बाकीचे 'फुकट्या' म्हणायचे कारण त्याच्या गेममधल्या माणसाला साधे कपडे होते, जे सुरुवातीला सगळ्यांना मिळतात तेच. मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ येऊन उभा राहायचा, काही बोलायचा नाही. खूप दिवसांनी कळलं. असं काही असेल तर १०० रुपये देऊन किंवा फोन काढून घेऊन ते सुटणार नाही. त्याला 'मी हे घेत नाही' असं चारचौघांत म्हणता यायला हवं आणि ती ताकद त्याला घरातून मिळते, आपण स्वतः 'हे आत्ता आपल्याला परवडत नाही' असं न लाजता म्हणतो का यावरून. आपण मुलांसमोर परवडत नाही हा शब्दच वापरत नाही हो. 'ते चांगलं नसतं', 'त्याने खोकला होतो', 'दुकान बंद आहे' अशी कारणं देतो. मग त्यांना वाटतं की परवडत नाही म्हणणं म्हणजे काहीतरी लाजिरवाणं आहे.

आणि वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टवर पण पालकांनी बोलायला हवं, तिथूनच ही बरोबरी सुरू होते. माझ्या वर्गापुरतं मी बंद केलंय, ज्याचा वाढदिवस त्याने वर्गाच्या कपाटात एक गोष्टीचं पुस्तक द्यायचं, अप्पा बळवंत चौकातून जुनं आणलं तरी चालेल. पहिल्या महिन्यात दोन पालक नाराज झाले होते. आता कपाटात १९ पुस्तकं आहेत.

---

बाणेर_पीजी

मी अजून बाप वगैरे नाही, २४ वर्षांचा आहे, पण मुलाच्या बाजूने कुणीतरी लिहावं म्हणून लिहितो.

माझ्या मुंजीत आहेराची बरीच पाकिटं आली होती. मी आठ वर्षांचा. रात्री सगळी गादीवर उघडली, आईने मोजली, २३ हजार काहीतरी, मी पहिल्यांदा इतक्या नोटा बघितल्या. आई म्हणाली तुझ्यासाठी ठेवते. त्यानंतर ते पैसे मला कधी दिसले नाहीत. दोन-तीनदा विचारलं तर 'आहेत, आहेत'. मग मी विचारायचं सोडलं, पण मनात राहिलं की पैसा मोठ्यांच्या हातात गेला की परत येत नाही, म्हणून हातात आला की खर्च करून टाकायचा. खरंच असंच डोक्यात बसलं होतं. कॉलेजला असताना मला कळलं की त्या वर्षी बाबांची नोकरी सुटली होती आणि ते पैसे माझ्या शाळेच्या फीला गेले. मला तेव्हा सांगितलं असतं ना, तर मला अभिमान वाटला असता. आठ वर्षांच्या मुलाला पण वाटला असता, मी माझी फी भरली म्हणून.

नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी मी आत्ता घ्या नंतर द्या वाल्या तीन ॲपवर आणि एका क्रेडिट कार्डवर मिळून ८४ हजार करून ठेवले. कार्डवर 'किमान रक्कम' भरत राहिलो, मला वाटायचं भरतोय म्हणजे सगळं ठीक आहे. व्याज महिन्याला साडेतीन टक्के होतं, वर्षाचे ४२ होतात हे मी कधी गुणाकार करून बघितलंच नव्हतं. मी इंजिनिअर आहे. गणित येत होतं, पैसा येत नव्हता. घरी सांगायला सात महिने लागले कारण आमच्या घरात पैशाबद्दल कुणी बोलायचंच नाही, तो विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढायचा. शेवटी बाबांना सांगितलं, ते काही बोलले नाहीत, वही आणि पेन घेऊन आले आणि शेजारी बसले. १४ महिन्यांत फिटलं सगळं.

ताई, तुमचा मुलगा ३,४६० वर सापडला आणि आत्ता सापडला. आणि तुम्ही फोन उचलल्यावर त्याने रडून कबूल केलं. मला त्याच्या दुप्पट वयात ते जमलं नव्हतं. त्याला तेवढं एक सांगा की खरं बोललास ते बरं केलंस. बाकी काय कापायचं ते कापा.

---

सहकारनगर_आजी

बाळा, तुझं वाचलं. माझ्या मधल्या मुलाने पण मला त्याच्या मुंजीच्या पैशाबद्दल एकदा विचारलं होतं. मी 'आहेत' म्हणाले होते. नव्हते. त्याच्या आत्याच्या लग्नात गेले. आज संध्याकाळी त्याला फोन करून सांगणार आहे.

---

कर्वेनगरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, मिस्टरांनी पण पूर्ण वाचलं, काल रात्री मोठ्याने वाचून काढलं आम्ही.

बाई, तुम्ही म्हणालात तसं झोपताना विचारलं. तसंच निघालं. बिल्डिंगमधली पाच मुलं, त्यातल्या दोघांकडे ते कपडे होते आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांना टीममध्ये घ्यायचे नाहीत. पहिल्यांदा ८० चे घेतले तेव्हा त्याला टीममध्ये घेतलं. मग पुढच्या आठवड्यात नवीन कपडे आले. असं करत ते ५८० पर्यंत गेलं. मला इतकं वाईट वाटलं, मी त्या वेळी बाहेर टीव्ही बघत बसले असेन. फोनवर तो गेम आता नाही, त्याने स्वतः काढला, पण संध्याकाळी खाली खेळायला जायला अजून तयार नाही. ते काम राहिलंय.

मिस्टरांनी पगाराचा कागद दाखवायला आधी नाही म्हंटलं. मग गाळ्याच्या मावशींचं वाचल्यावर स्वतःच घेऊन बसले. नुसता कागद नाही दाखवला, बँकेतून दहा हजार काढून आणले, शंभराच्या नोटा, आणि म्हणाले हा आपला दोघांचा मिळून पगार समज, एक नोट म्हणजे शंभरातला एक भाग. मग जमिनीवर ढीग लावत गेले. घराचा हप्ता ३७ नोटा. शाळा आणि बस ११. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून १८. आजीची औषधं ४. बाकीचे सगळे खर्च मिळून १७. तो आधी हसत होता, हप्त्याच्या ढिगानंतर हसायचा थांबला. शेवटी हातात १३ नोटा राहिल्या आणि त्यातल्या आठ मिस्टरांनी बाजूला ठेवल्या, आजारपण, तुझं कॉलेज. उरल्या ५. त्याने त्या पाच नोटा परत परत मोजल्या आणि विचारलं, माझे ३,४६० यातलेच होते? दोघंही गप्प बसलो, त्याचं त्यालाच कळलं.

ठरलं ते असं. शनिवारी १०० रुपये रोख, त्यातले २५ कापून, ४० आठवडे. हिशोबाची वही त्याचीच, पहिल्या पानावर त्याने स्वतः लिहिलंय 'आईचे देणे रु. १,००० फक्त'. काका, हे 'फक्त' तुमच्याकडून आलं. दुकानात आता फोन नाही, पन्नासची नोट घेऊन जातो आणि सुटे मोजून आणतो. परवा दुकानदाराने दोन रुपयांऐवजी चॉकलेट दिलं तर हा म्हणाला मला दोन रुपये द्या, आणि घेऊन आला.

सासूबाईंना पासबुकाचं सांगितलं तर त्या एवढ्या खूष झाल्या की मीच पोस्टात येते म्हणाल्या. तर काका, एवढंच विचारायचं आहे की पोस्टात कधी जावं, आणि कागद काय काय लागतील?

---

निवृत्त_रोखपाल

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नका जाऊ, पेन्शनवाल्यांची गर्दी असते. मुलाचं आधार, जन्मतारखेचा दाखला आणि दोन फोटो घ्या, तुमचे स्वतःचे आधार आणि पॅन पण बरोबर असू द्या, एखादा कागद जास्तीचा विचारला तर परत फेरी नको. सही त्याचीच लागेल. घरी कोऱ्या कागदावर दहा-बारा वेळा करून बघू दे, सगळ्या सारख्या आल्या पाहिजेत. मुलं पहिल्यांदा सही करताना शेवटी मोठी वेलांटी मारतात आणि दुसऱ्या वेळी ती विसरतात.